पांढरी बाजू

बू गानिम पहिल्यांदा आला तो नुसता भाव विचारून गेला.
दुसऱ्यांदा मुलाला घेऊन आला.
तिसऱ्यांदा गाडीच आणली,
एकाहत्तरची शेव्हरोलेट, इथे तिला शफर म्हणतात,
कोकमाच्या आगळासारखी लाल,
आणि शुवैखच्या आमच्या गल्लीत
दहा-बारा कॉम्प्रेसर एकदम गप्प झाल्यासारखे वाटले.

"टायर नवेच आहेत," तो म्हणाला. "गाडी चालते कुठे?"
नक्षी खरंच शाबूत होती.
मी उकिडवा बसलो, टायरच्या गालावरची धूळ पुसली
आणि अंगठ्याने चार आकडे दाखवले.
आठवडा बत्तिसावा, साल नऊ.
रबर पळून झिजतं, बाबा,
पण उभं राहूनही मरतं,
आणि या उन्हात जरा घाईनेच.
केसाएवढ्या भेगा होत्या. त्याने चष्मा काढून पाहिल्या,
मग मला विचारलं, "आणि तू किती सालचा?"
सहा, मी म्हटलं.
तो हसला नाही.

मुलाला हवे होते वीस इंची, पापडासारखे पातळ.
म्हाताऱ्याला पंधरा इंचीच, जाड, गुबगुबीत,
आणि त्यावर पांढरी अक्षरं,
बापाने गाडी बंदरातून सोडवून आणली
तेव्हा होती तशी.

रझाउलने पेन दाखवला: दहा मिनिटांत रंगवतो, स्वस्तात.
शेठने पाकीट काढलं: चिकटवायची अक्षरं, गोंद जर्मन.
बू गानिमने दोघांना ओलांडून माझ्याकडे पाहिलं.

आता मी काय सांगणार?
मी विजयदुर्गचा पेंटर.
डांबर प्यायलेल्या काळ्या फळ्यांवर
पांढऱ्या ऑइलपेंटने होड्यांची नावं लिहीत वाढलो.
भगवती प्रसन्न. दर्यासारंग. तांडेलाच्या लेकीचं नाव, सुनंदा,
त्यातला 'सु' लाटेवर बसेल असा.
दर हंगामाला रंग पोपडे धरायचा,
दर हंगामाला तांडेल मला बोलवायचा.
त्यावर आमचं घर चाललं.
मग प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या.

"रंग नको," मी म्हटलं.
माझ्याच तोंडून, ऐका.
"टायर वळतो, दबतो, तापतो. रंग तडकतो.
पांढरं रबर काळ्याच्या पोटातून वर आलेलं असतं,
ते घ्या. असली."
असली हा शब्द त्याच्याही भाषेतला आणि माझ्याही,
त्यामुळे पुढे बोलायची गरज पडली नाही.

सात आठवड्यांनी चार टायर आले, अमेरिकेहून,
आणि अक्षरं निळी!
मुलगा फोनमध्ये ओरडू लागला, फसवलं म्हणून.
मी बादलीत साबण कालवला, काथ्या घेतला.
निळं असतं ते फक्त पांघरूण,
वाटेत पांढऱ्याला डाग पडू नये म्हणून.
घासत गेलो. फेस निळा, गटार निळं,
माझी नखं निळी,
आणि खालून एकेक अक्षर
दूधदात यावा तसं.

"शिनु मक्तूब?" त्याने विचारलं.
काय लिहिलंय.
पन्नास वर्षं ही अक्षरं त्याला हवी होती
आणि ती त्याला वाचता येत नव्हती.
कंपनीचं नाव, मी म्हटलं.
तो जरा खट्टू झाला, मला वाटतं.
"दुसरी बाजू साधी काळी आहे," मी सांगितलं.
"पुष्कळ लोक अक्षरं आत वळवून बसवतात."

त्याने लाल पत्र्यावर हात टेकला, भाजला, काढला.
"बाहेर," म्हणाला.

संध्याकाळी गाडी गल्लीतून निघाली.
पहिल्या दहा फुटांपर्यंत
मला प्रत्येक अक्षर ओळखता येत होतं,
कुठलं डोक्यावर उभं, कुठलं आडवं.
नंतर चाकावर नुसती एक पांढरी कड फिरत राहिली,
कुणालाच वाचता येणार नाही अशी.

रझाउल म्हणाला, नखं धू.
धुतली. निघाली नाहीत.